मांजराला एफआयपी (फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस) झालाय असं डॉक्टरांनी सांगितल्यावर: काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं

मुंबईत मांजर पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर दर आठवड्याला तोच मेसेज येतो. पोट फुगलंय, ताप उतरत नाही, डॉक्टर एफआयपी म्हणतायत, आता काय करू? त्याखाली पन्नास सल्ले पडतात, त्यातले निम्मे एकमेकांच्या उलट असतात. या गडबडीत चार-पाच दिवस जातात आणि एफआयपीमध्ये तेवढेच दिवस सगळ्यात महाग पडतात. म्हणून हे क्रमाने लिहितेय. पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांच्या सोबतीने करायचं आहे, त्यांना टाळून नाही.

दोन गोष्टी आधी डोक्यात पक्क्या करा. एक, एफआयपी हा मांजरांच्या आतड्यातल्या साध्या कोरोनाव्हायरसमध्ये त्या एका मांजराच्या शरीरात बदल होऊन होतो, त्याचा माणसांच्या कोविडशी संबंध नाही आणि माणसाला तो होत नाही. दोन, उपचार न करता हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो, पण आता औषध आहे आणि वेळेत, पुरेशा डोसने सुरू केलं तर बहुतेक मांजरं बरी होतात. "काही उपयोग नाही, झोपवून टाका", म्हणजे इंजेक्शनने मरण द्या, हा सल्ला कुणी पहिल्याच दिवशी दिला तर निर्णय घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, त्याच दिवशी.

टप्पा १: निदान पक्कं करा, पण त्यात आठवडा घालवू नका

आजारी पडणारी मांजरं बहुतेक दोन वर्षांच्या आतली असतात. अँटिबायोटिकने न उतरणारा ताप, वजन घटणं, सुस्ती, पोटात किंवा छातीत पाणी, कधी कावीळ. पाणी नसलेला कोरडा प्रकारही असतो, आणि डोळ्यात किंवा मेंदूत गेलेला प्रकार वेगळा धरावा लागतो कारण त्याला डोस जास्त लागतो.

एकच टेस्ट करून हो किंवा नाही असं उत्तर मिळत नाही, पुरावे गोळा करावे लागतात. डॉक्टरांकडे हे मागा:

रक्ताची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पूर्ण बायोकेमिस्ट्री, त्यात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन ही रक्तातली दोन्ही प्रोटीनं हवीत. अल्ब्युमिनला ग्लोब्युलिनने भागून जो आकडा येतो तो ०.४ च्या खाली असेल तर संशय बळावतो, ०.८ च्या वर असेल तर एफआयपीची शक्यता बरीच कमी. लॅबने हा रेशो छापला नसेल तर मोबाईलवर भागाकार करा, दहा सेकंदाचं काम आहे. लिव्हरचे बाकी आकडे ठीक असताना बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) वाढलेलं, अ‍ॅनिमिया आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी, या खुणाही बघा. फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा व्हायरस) यांची किट टेस्टसुद्धा करून घ्या.

पोटात किंवा छातीत पाणी असेल तर ते पाणी म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला पुरावा. सोनोग्राफीखाली सिरिंजने थोडं काढतात. एफआयपीचं पाणी बहुतेकदा पिवळसर, स्वच्छ आणि चिकट असतं, दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर तार येते. त्यात प्रोटीन भरपूर आणि पेशी कमी असतात. डॉक्टर टेबलावरच रिव्हाल्टा टेस्ट करू शकतात: टेस्टट्यूबमध्ये डिस्टिल्ड वॉटर, त्यात एक थेंब अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, मग वरून मांजराच्या पोटातून किंवा छातीतून काढलेल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. थेंब विरघळून गेला तर निगेटिव्ह, आणि मग एफआयपी नसण्याची शक्यता खूप जास्त. थेंब आपला आकार धरून वर तरंगला किंवा हळूहळू खाली गेला तर पॉझिटिव्ह, पण जंतूंच्या इन्फेक्शनमध्ये आणि लिम्फोमा या कॅन्सरमध्येही कधी कधी पॉझिटिव्ह येते म्हणून पाण्याची स्लाइड बघणं आणि शक्य असेल तिथे पीसीआर (व्हायरसचा अंश शोधणारी टेस्ट) करणं हवंच.

चूक: फक्त कोरोनाव्हायरस अँटिबॉडी टायटरवर (रक्तातल्या अँटिबॉडी मोजणाऱ्या टेस्टवर) निदान करणं. बऱ्याच मांजरांनी हा साधा व्हायरस कधी ना कधी घेतलेला असतो, त्यामुळे ठणठणीत मांजराचं टायटरही पॉझिटिव्ह येतं. या टेस्टचे पैसे औषधासाठी वाचवा.

चूक: पोट हलकं व्हावं म्हणून दर दोन दिवसांनी पाणी काढणं. ते परत भरतं आणि प्रत्येक वेळी मांजराचं प्रोटीन बाहेर जातं. छातीत पाणी होऊन श्वास अडकत असेल तर मात्र ते लगेच काढावंच लागतं.

कुठे जायचं हा प्रश्न सगळ्यांना असतो. जवळच्या क्लिनिकमध्ये सोनोग्राफी नसेल तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय. निघण्याआधी फोन करा आणि मांजरांच्या एफआयपीवर अँटिव्हायरल उपचार केलेले डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. पावसाळ्यात परळला जायचं तर हिंदमाताला पाणी तुंबलंय का ते बघूनच निघा, आजारी मांजराला पिंजऱ्यात घालून दोन तास टॅक्सीत अडकणं त्याला झेपत नाही.

तपासून घ्या: पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पीडीएफमध्ये आहेत का? डोळ्याची आणि चालण्याची तपासणी झाली का? झाली नसेल तर आजच करून घ्या, डोस त्यावर ठरतो.

टप्पा २: औषध आणण्याआधीची तयारी

मुख्य औषध जीएस-४४१५२४ हे अँटिव्हायरल, पुढे त्याला नुसतं जीएस म्हणतेय. रेमडेसिव्हिर हे त्याचंच आधीचं रूप, शरीरात जाऊन त्याचं जीएस होतं, इंजेक्शनने देतात आणि खूप खंगलेल्या, गोळी न घेणाऱ्या मांजराला सुरुवातीला त्याचा उपयोग होतो. मोलनुपिराव्हिर हे तिसरं नाव, बरेचदा जीएसने काम झालं नाही किंवा ते मिळालं नाही तर डॉक्टर त्याकडे वळतात. ते हाताळताना ग्लोव्हज घाला आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने त्याला हात लावू नये.

कुणाच्या तरी कुरिअरमधून आलेली, लेबलावर नुसतं "अमुक किलोला एक गोळी" लिहिलेली औषधं खूप फिरतात. अशा बाजारातल्या औषधांच्या तपासण्यांमध्ये लेबलवरच्या आकड्यात आणि आतल्या औषधात बराच फरक निघालाय. म्हणून विकणाऱ्याला थेट विचारा की एका गोळीत जीएस किती मिलिग्रॅम आहे. उत्तर देताना गोंधळला तर ते औषध घेऊ नका. कुठलंही औषध आणलंत तरी डॉक्टरांना स्ट्रिप दाखवून मगच सुरू करा, लपवाछपवी केलीत तर त्यांना रिपोर्ट वाचताच येणार नाही.

आता हिशोब, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. नेहमीचा कोर्स १२ आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा. तोंडाने द्यायच्या जीएसचा डोस सध्या साधारण १५ मिलिग्रॅम प्रति किलो रोज असा सुरू करतात, डोळा किंवा मेंदू असेल तर २० पर्यंत, बरेचदा दोन भागांत विभागून. इंजेक्शनचा डोस वेगळा असतो, त्याचा आकडा गोळीला लावायचा नाही. समजा मांजर ३ किलोचं आहे. ३ गुणिले १५ म्हणजे रोज ४५ मिलिग्रॅम, ८४ दिवसांचे ३,७८० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या साधारण ७६ गोळ्या. पण मांजर बरं होताना वजन वाढतं, आणि लहान पिल्लू तर झपाट्याने वाढतं. ते ४ किलोचं झालं की रोज ६० मिलिग्रॅम लागणार. त्यामुळे ७६ गोळ्यांचा हिशोब करून पैसे ठेवलेत तर दहाव्या आठवड्यात औषध संपेल. थोडी वाढ धरूनच बजेट करा. आणि सुरुवातीलाच निदान दोन आठवड्यांचा साठा हातात ठेवा, पावसात कुरिअर अडकलं म्हणून डोस चुकायला नको.

घरात हे हवं: ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, गोळी कापायचं कटर, सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज, डिजिटल थर्मामीटर, टॉर्च आणि एक वही.

तपासून घ्या: डोसचा आकडा तुम्ही काढलाय आणि डॉक्टरांनीही काढलाय, दोन्ही जुळतायत का?

टप्पा ३: रोजचा डोस

वेळ ठरवा आणि घरातल्या एकाच माणसावर जबाबदारी द्या. दोघंजण "मला वाटलं तू दिलंस" म्हणतात तेव्हा एक डोस बुडालेला असतो किंवा दोनदा गेलेला असतो. डोस दिला की लगेच वहीत टिक, नंतर आठवून नाही. घरी मावशी कामाला येत असतील आणि तुम्ही ऑफिसात असाल तर सकाळी निघायच्या आधीची आणि रात्रीची वेळच ठेवा, गोळी द्यायचं काम त्यांच्यावर टाकू नका.

गोळी द्यायची पद्धत: मांजराला ओट्यावर किंवा टेबलावर टॉवेलवर बसवा, पाठ तुमच्या पोटाकडे. डाव्या हाताने वरून डोकं धरा, अंगठा आणि मधलं बोट गालाच्या हाडांवर, आणि नाक छताकडे करा, तसं केलं की खालचा जबडा आपोआप सैल होतो. उजव्या हाताने गोळी जिभेच्या मागच्या भागावर टाका, तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवा. लगेच सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं पाणी द्या म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकणार नाही. नाक चाटलं की बहुतेकदा गिळलेली असते, तरी पुढची दोन मिनिटं नजर ठेवा, काही मांजरं गालात ठेवून सोफ्यामागे थुंकतात.

पूर्ण जेवणात गोळी कालवून ठेवू नका, अर्धं खाल्लं तर किती औषध गेलं हे कळणारच नाही. छोट्याशा एका घासात लपवली तर चालते. डोस दिल्यावर लगेच उलटी झाली आणि त्यात गोळी दिसली तर पुन्हा द्यायची का हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

खाणं तितकंच महत्त्वाचं आहे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी साचून वेगळंच संकट उभं राहतं. उकडलेलं चिकन, काटे काढलेला उकडलेला मासा, त्याचं कोमट पाणी, जे खाईल ते, फक्त कांदा, लसूण आणि मसाला अजिबात नको. अन्न थोडं गरम केलं की वास सुटतो आणि ते तोंड लावतं. तरीही खात नसेल तर भूक वाढवायचं औषध किंवा फीडिंग ट्यूब याबद्दल डॉक्टरांशी बोला, ट्यूबला घाबरू नका, कितीतरी मांजरं तिच्यामुळे पहिला आठवडा पार करतात.

सावधान: ताप आहे म्हणून माणसांची पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, क्रोसिनच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं. स्टिरॉइडही आपल्या मनाने सुरू करू नका. आधीपासून बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील.

टप्पा ४: औषध लागू पडतंय का, हे ओळखणं

पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप उतरायला हवा आणि भूक परतायला हवी. पोटातलं पाणी साधारण एक-दोन आठवड्यांत ओसरतं. ताप आणि भूक सुधारली नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच डॉक्टरांना कळवा, "अजून थोडी वाट बघू" नको. कारण तीनपैकी एक असतं: डोस कमी पडतोय, औषध लेबलाप्रमाणे नाहीये, किंवा आजार दुसराच आहे.

घरी रोज हे बघा. गाढ झोपेत असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर जाते ते मोजा, ३० पर्यंत ठीक, ४० च्या वर जात असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर रात्र असो, पाऊस असो, हॉस्पिटल गाठा. हिरड्यांचा रंग, पांढऱ्या की पिवळ्या. टॉर्चने दोन्ही डोळे, बाहुलीभोवतीच्या बुबुळाचा रंग बदललाय का, बाहुल्या लहान-मोठ्या आहेत का. मागचे पाय लडखडतात का, पलंगावर उडी मारताना चुकतंय का. यातलं काही नवीन दिसलं तर आजार डोळ्यात किंवा मेंदूत गेला असू शकतो आणि डोस वाढवावा लागतो, हे अगदी त्याच दिवशी सांगायचं.

दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन, आणि वजन वाढलं की डोस वाढवा. वजन कमी झालं तर मात्र स्वतःहून डोस कमी करू नका, डॉक्टरांना विचारा. रक्ताची तपासणी साधारण दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात. मध्ये एएलटी (लिव्हरचा एक आकडा) वाढलेलं दिसलं तर घाबरून औषध थांबवू नका, ते बरेचदा वाढतं आणि काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

सगळ्यात मोठी चूक: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मांजर घरभर पळायला लागतं, पडद्यावर चढतं, आणि घरातले म्हणतात झालं की बरं, कशाला अजून औषध. तेव्हा औषध थांबवलं की आजार उलटतो. बाहेरून दिसणारं मांजर आणि रक्तातला ग्लोब्युलिनचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, औषध कधी थांबवायचं हे दुसऱ्या गोष्टीवर ठरतं.

कोर्स संपल्यावर आणखी ८४ दिवस तशीच नजर ठेवायची. या काळात बोर्डिंग, घर बदलणं, नवीन मांजर आणणं, तातडीचं नसलेलं ऑपरेशन, शक्य तेवढं पुढे ढकला. ताप परत आला किंवा वजन घसरलं तर ताबडतोब रक्त तपासा.

टप्पा ५: घरातली दुसरी मांजरं आणि घरातली माणसं

दुसऱ्या मांजराला वेगळ्या खोलीत कोंडायची गरज नाही. साधा कोरोनाव्हायरस विष्ठेतून पसरतो, पण एफआयपी करणारा बदललेला व्हायरस सहसा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये पसरलेला मांजरांच्या कोरोनाव्हायरसचा एफकोव्ह-२३ हा प्रकार याला अपवाद निघाला, तिथे तो थेट मांजरातून मांजरात जात होता. आपण करायचं ते एवढंच की लिटरबॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त ठेवायचे, रोज उपसायचे, आणि खाण्याच्या भांड्यांपासून लांब ठेवायचे. वन रूम किचनमध्ये हे कठीण आहे हे माहीत आहे, तरी एक बॉक्स बाथरूमच्या कोपऱ्यात आणि एक गॅलरीत एवढं जमवा.

माणसांचं जास्त अवघड. तीन महिने रोज औषध आणि भरपूर खर्च, आणि नातेवाईक विचारतात "मांजरावर एवढे पैसे?" याला उत्तर देत बसू नका, तुमची ताकद डोससाठी ठेवा. पण घरातल्या लोकांशी पैशांचं बोलणं पहिल्याच दिवशी करा, किती खर्च झेपेल याचा आकडा ठरवा. अर्धा कोर्स करून पैसे संपणं हा मांजरासाठी सगळ्यात वाईट शेवट असतो. लहान मुलं असतील तर त्यांना खरं सांगा, माऊ खूप आजारी आहे, आपण औषध देतोय, ती बरी होईलच असं नाही. आणि ग्रुपमधला एखादा माणूस असा धरा जो हा कोर्स पूर्ण करून बाहेर पडलाय, रात्री बारा वाजता तुम्ही रडत मेसेज केलात तरी जो उत्तर देईल. पन्नास सल्लागारांपेक्षा तो एक पुरतो.

टप्पा ६: संशोधनाच्या बातम्या कशा वाचायच्या

आशा खरी आहे, पण बातमीचं शीर्षक वाचून डोस बदलू नका. प्रत्येक अभ्यासाला तीन प्रश्न विचारा: किती मांजरं होती, आजाराचा कुठला प्रकार होता, किती दिवस नजर ठेवली.

उदाहरण बघा. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस विद्यापीठात नील्स पेडरसन यांच्या टीमने ३१ मांजरांना जीएस दिलं. २६ मांजरांनी १२ आठवडे पूर्ण केले, बाकीची ५ त्याआधीच गेली किंवा झोपवावी लागली, त्यातली बहुतेक अगदी पहिल्या काही दिवसांत. म्हणजे उशिरा सुरू केलं तर औषधालाही वेळ मिळत नाही. त्या २६ पैकी ८ जणांना आजार उलटला, आणि दुसऱ्यांदा जास्त डोस दिल्यावर चांगला परिणाम दिसला. आज डॉक्टर सुरुवातीलाच वरचा डोस का देतात त्यामागे हा अनुभव आहे.

दुसरं, २०२४ मध्ये म्युनिकच्या अभ्यासात पाणी झालेल्या ४० मांजरांपैकी निम्म्यांना ४२ दिवस आणि निम्म्यांना ८४ दिवस गोळ्या दिल्या, ३८ बरी झाली आणि दोन्ही गटांत फरक पडला नाही. हे वाचून लोक लगेच सहा आठवड्यांवर औषध बंद करतात. पण त्या मांजरांमध्ये डोळा किंवा मेंदू गुंतलेला नव्हता, त्यांची तपासणी वेळोवेळी काटेकोर होत होती आणि औषध खात्रीचं होतं. तुमचं मांजर त्या चौकटीत बसतं का, हे डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील, आणि बसत असेल तर खर्च निम्मा होतो, म्हणून हा प्रश्न नक्की विचारा.

विश्वासाची माहिती हवी असेल तर इंटरनॅशनल कॅट केअर आणि युरोपातलं एबीसीडी हे मांजरांच्या आजारांवरचं तज्ज्ञ मंडळ यांच्या उपचार-सूचना डॉक्टरांना दाखवा. संशोधनाला पैशांची मदत करायची असेल तर अमेरिकेतलं एव्हरीकॅट हेल्थ फाउंडेशन एफआयपीसाठी वेगळा निधी चालवतं. आणि तुमची ती वही, वजन, डोस, रक्ताचे आकडे, ती डॉक्टरांना द्या, पुढच्या मांजराचा डोस ठरवताना त्यांना तिचा उपयोग होईल.

टप्पा ७: नाही जमलं तर

काही मांजरं सगळं नीट करूनही जातात, विशेषतः मेंदूत आजार गेलेली. वहीत रोज एक खूण करा, आज दिवस चांगला की वाईट: खाल्लं का, अंग चाटून स्वच्छ केलं का, जवळ आलं का. आठवड्यात वाईट दिवस जास्त व्हायला लागले, श्वासाला त्रास होतोय किंवा झटके थांबत नाहीत, तर शांतपणे झोपवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. घरी येणारे डॉक्टर मिळतात का हे आधीच विचारून ठेवा, आणि पालिकेची प्राण्यांसाठीची दाहिनी मालाडला आहे, तिचा नंबर आधी शोधून ठेवा. त्या दिवशी फोन शोधत बसायची ताकद कुणातच नसते.

नंतर दुसरं पिल्लू आणायचं असेल तर निदान दोन महिने थांबा, हा व्हायरस कोरड्या जागी सात आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. जुने लिटरबॉक्स टाकून द्या, भांडी आणि फरशी डिटर्जंटने धुवून ब्लीचने पुसा. उरलेल्या गोळ्या ग्रुपवर परस्पर कुणाला देऊ नका. त्या डॉक्टरांकडे जमा करा, म्हणजे ज्याच्याकडे आज पैसे नाहीत आणि ज्याचं निदान पक्कं झालंय त्या मांजराला त्या मोजून देता येतील.